साडेअकराचा कॉल

"यात आपलं नावच नाही," मी म्हणाले, खरं तर स्वतःशीच. "कदमांचं आहे, मेडिकलवाल्यांचं आहे, पार मागच्या आळीतल्या पोस्टमास्तरांचंसुद्धा आहे. आपलंच नाही."

"कशात नाही?"

मी दचकून वर बघितलं. दारात आप्पा उभे होते, माझे सासरे. परसातल्या मिरच्यांना पाणी घालून आले होते. पाय चिखलाचे, खांद्यावर पंचा. गेल्या आठ महिन्यांत ते आमच्या खोलीच्या दाराशी आलेले मला आठवत नव्हते. चहा, जेवण, सातच्या बातम्या, की आपल्या खोलीत. बोलणं तेवढ्यास तेवढं. मीठ दे. भरतची ड्यूटी कधी आहे. बास.

"वायफायच्या यादीत," मी म्हणाले. "लॅपटॉप जोडलाच जात नाहीये, आप्पा. काल झोपेपर्यंत चांगला चालत होता."

"मग बघशील सावकाश. सुट्टीच आहे की शाळेला."

"सावकाश नाही चालायचं. साडेअकराला कॉल आहे." पुढचं सांगावं की नको, असं क्षणभर झालं. मग सांगून टाकलं. "संस्थेतून. ती मुलगी दाखवणार आहेत."

आप्पांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. अकराला दहा कमी होते. मग माझ्याकडे न बघताच ते वळले आणि निघून गेले.

या गोष्टीला आता सात-आठ वर्षं झाली. आम्ही तेव्हाही पाटणलाच राहत होतो, याच घरात. भरत एसटीत ड्रायव्हर, मी हायस्कूलवर हिंदी शिकवायचे. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झालेली. लग्नाला अकरा वर्षं होऊन गेली होती, साताऱ्याचे, कऱ्हाडचे, पुण्याचे डॉक्टर करून झाले होते, आणि शेवटी एके दिवशी बसमधून येता येता भरतच म्हणाला की आपण मूल दत्तक घेऊ या. मला रडू आलं होतं, सुटल्यासारखं. आम्ही फॉर्म भरला, कागद गोळा केले, आणि मग, त्या सकाळच्या आठ महिने आधी, एका रात्री जेवताना आप्पांना सांगितलं. त्यांनी हातातला घास खाल्ला, उरलेली अर्धी भाकरी तशीच ठेवली आणि ताटावरून उठले. "तुमचं तुम्ही बघा," एवढंच म्हणाले.

पुढं घर बघायला समाजसेविका यायची होती, त्या दिवशी ते सकाळच्या गाडीनं कऱ्हाडला जुन्या मित्राकडे निघून गेले. "सासरे बाहेरगावी गेलेत," असं मी त्या बाईंना सांगितलं. सांगताना मान वर झाली नाही.

आणि दोन दिवसांपूर्वी मेल आला होता. विदर्भातल्या एका संस्थेत एक मुलगी आहे. नाव रेणू, वय साडेचार. एक फोटो आणि सात पानांचा वैद्यकीय अहवाल. जन्मतः दोन्ही पावलं आत वळलेली. प्लॅस्टर, ऑपरेशन, विशेष बूट. होकार की नकार, ते अठ्ठेचाळीस तासांत कळवायचं. ती मुदत त्याच दिवशी रात्री आठला संपत होती.

भरतनं अहवाल वाचला आणि म्हणाला, "बघू." त्याचं 'बघू' मला माहीत आहे. माझ्या मनातही 'बघू'च होतं. आम्ही दोघं दिवसभर बाहेर. एक ऑपरेशन अजून राहिलेलं. जमेल? फोटोवरून काय कळतं? म्हणून संस्थेच्या देशकर मॅडमना विनंती केली की एकदा व्हिडिओ कॉलवर बघू द्या. त्यांनी दुपारी चारची वेळ दिली. भरत तीनपर्यंत परत येणार होता.

पण त्या सकाळी साडेदहाला मॅडमचा फोन आला. दुपारी त्यांना अचानक कोर्टाच्या कामाला जावं लागणार होतं. "साडेअकराला करू या का? त्यानंतर आज नाही जमणार, ताई." मी हो म्हटलं. भरत तेव्हा चिपळूणची गाडी घेऊन कुंभार्ली घाटात होता. त्याचा फोन लागायचा प्रश्नच नव्हता.

माझा फोन महिन्यापूर्वी शाळेच्या जिन्यात पडला होता. चालायचा, पण त्याच्या पुढच्या कॅमेऱ्यातून सगळं धुक्यातल्यासारखं दिसायचं. आप्पांचा फोन बटणांचा. राहता राहिला लॅपटॉप, आणि घरात मोबाइलचं नेट येत नसल्यानं त्याला वायफायच हवं. माझ्या नणंदेनं, सुजातावन्सनी, तो दोनच आठवड्यांपूर्वी अमेरिकेहून कुणाबरोबर तरी पाठवला होता. नवा, पातळ, पाटीसारखा. शेजारी कदमवहिनींकडून फोन मागून आणता आला असता. पण मग कशाला हवा ते सांगावं लागलं असतं, आणि आळीत आम्ही अजून कुणालाच काही बोललो नव्हतो.

मी लॅपटॉप बंद करून चालू केला. वायफायची खूण दाबली. पुन्हा तीच यादी. कदम, मेडिकल, पोस्टमास्तर. हॉलमधला वायफायचा डबा बंद केला, दहापर्यंत मोजलं, चालू केला. हिरवे दिवे सगळे लागले. यादी तीच.

तेवढ्यात आप्पा परत आले. पाय धुतले होते, अंगात इस्त्रीचा सदरा होता आणि हातात त्यांची खाकी पिशवी. टेलिफोन खात्यात लाइनमन होते ते. चौतीस वर्षं या खोऱ्यातल्या खांबांवर चढले. निवृत्तीनंतर ती पिशवी माळ्यावर गेली होती, ती मी खाली आलेली कधी बघितली नव्हती.

"सरक जरा," ते म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. "काय बंद आहे ते राहू दे. काय काय चालतंय ते सांग आधी."

"म्हणजे?"

"डबा चालतोय?"

"दिवे लागलेत."

"दिवे लागणं निराळं आणि चालणं निराळं." ते उठून हॉलमध्ये गेले. पिशवीतून एक जुना काळा फोन काढला, नुसत्या रिसीव्हरसारखा, पाठीवर डायल आणि खाली चिमटे लावलेल्या दोन वायरी. भिंतीवरच्या पेटीचं झाकण उघडून त्यांनी ते चिमटे आत लावले आणि फोन कानाला धरला. चेहऱ्यावर काही हललं नाही. मग मान डोलावली. "लाइन स्वच्छ आहे. आता तुझ्या फोनवर वायफाय येतंय का बघ."

माझ्या फोनवर आमचं नाव पहिलं होतं. लोहार. दांड्या पूर्ण. मी एक बातमी उघडून दाखवली, लगेच उघडली.

"बरं. म्हणजे बाहेरून घरापर्यंत येतंय, डब्यातून बाहेरही पडतंय. या लॅपटॉपला कदमांचं दिसतंय?"

"दिसतंय."

"मग तोही नादुरुस्त नाही." ते लॅपटॉपकडे बघत बसले, एखाद्या हट्टी पोराकडे बघावं तसे. "याला वायर जोडायची सोय?"

"नाही आप्पा, ते भोकच नाही याला. फार पातळ आहे."

"पातळ करायच्या नादात कामाचं काढून टाकतात. वायर असती तर हाताला लागली असती." त्यांनी घड्याळ बघितलं. अकरा वाजून पाच. "काल चालत होता म्हणालीस. काल आणि आजच्या मध्ये काय झालं?"

"काही नाही हो. मी हातसुद्धा लावला नाही."

"काहीतरी झालंय. आठव. आपोआप काही बिघडत नाही, हेमा. फांदी पडते, उंदीर कुरतडतो, कुणीतरी खांबाला म्हैस बांधतं. काहीतरी होतंच."

मी आठवलं. "पहाटे वारं सुटलं होतं. लाइट गेली होती पाऊणएक तास."

"मग डबा बंद होऊन पुन्हा चालू झाला."

"पण मी तो आत्ताही बंद-चालू केला, आप्पा. काही फरक नाही."

"असू दे. पण बदल तिथंच झालाय." त्यांनी खिशातून बटणांचा फोन काढला. "जंगमला विचारू. आपल्या एक्स्चेंजमध्ये ब्रॉडबँडचं तोच बघतो. माझ्या हाताखाली खांबावर चढायला शिकला, आता मला इंटरनेट शिकवतो."

फोन लागायला तीन प्रयत्न लागले. त्यांनी स्पीकर चालू केला आणि जंगमांना सगळं सांगितलं, ओळीनं, एकही शब्द जास्त नाही. लाइन स्वच्छ. फोनवर येतंय. लॅपटॉपला शेजाऱ्यांचं दिसतंय, घरचं दिसत नाही. काल दिसत होतं. पहाटे लाइट गेली होती.

पलीकडून जंगम म्हणाले, "लॅपटॉप कुठला घेतलाय, आप्पा?"

"घेतला नाही. सुजानं पाठवलाय अमेरिकेहून."

"अहो मग हे आधी सांगायचं! वहिनी आहेत का जवळ? वहिनी, डब्याच्या खाली एक कागद चिकटवलेला असेल, त्यावर आकडे आहेत. ते आकडे तुमच्या फोनवर टाका, जिथं आपण वेबसाइट टाकतो तिथं. आणि खाली नाव-पासवर्ड दिलाय, तो टाका."

आप्पांनी डबा उलटा धरला, मी आकडे वाचून टाकले. एकदा चुकले, पुन्हा टाकले. एक साधं निळं पान उघडलं.

"आता वायरलेस असं असेल, ते दाबा. चॅनेल दिसतंय? काय लिहिलंय पुढे?"

"ऑटो," मी वाचलं. "आणि कंसात तेरा."

"बघा! हेच. आपल्याकडे हे डबे एक ते तेरा चॅनेल वापरतात. ऑटोवर ठेवलं की चालू होताना डबाच बघतो कुठं गर्दी कमी आहे, आणि तिथं जाऊन बसतो. तुमच्या आळीत सगळे एक, सहा, अकरावर असणार, म्हणून हा गेला तेरावर. आणि अमेरिकेतली मशीनं अकराच्या पुढं बघतच नाहीत. त्यांच्याकडे बारा-तेरा वापरत नाहीत. त्या लॅपटॉपच्या दृष्टीनं तुमचा डबा घरात नाहीच."

"आणि पुन्हा बंद-चालू केला तरी तो परत तेरावरच जाणार," आप्पा म्हणाले.

"जाणारच. ऑटो काढून सहा करा आणि सेव्ह करा. दोन मिनिटं घेईल."

मी सहा केलं. सेव्ह दाबलं. डब्यावरचे सगळे दिवे एकदम विझले. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

आम्ही दोघं त्या डब्यासमोर उभे राहिलो. एक दिवा लागला, लाल.

"डावा पाय ना गं?" आप्पा म्हणाले.

"काय?"

"त्या पोरीचा. उजवा सरळ झालाय. डाव्याचं एक ऑपरेशन राहिलंय असं लिहिलंय."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. "तुम्ही कागद वाचलेत?"

"टेबलावरच होते की. काल तू दळण आणायला गेलीस तेव्हा वाचले, रात्री परत एकदा वाचले. इंग्रजी आहे, वेळ लागतो." त्यांची नजर दिव्यावरच होती. "पाचव्या पानावर लिहिलंय, जिना धरून धरून चढते म्हणून."

"आप्पा, मला वाटलं होतं तुम्हाला हे पटलेलंच नाही."

"असं कोण म्हणालं?"

"तुम्ही ताटावरून उठलात."

दुसरा दिवा लागला.

"तुम्ही मला सांगितलंत, हेमा," मग ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "विचारलं नाहीत. फॉर्म भरला, पुण्याला जाऊन आलात, सह्या झाल्या, आणि मग आमटी वाढता वाढता मला सांगितलंत. घरात माणूस येणार होतं. नवीन टीव्ही येणार असल्यासारखं सांगितलंत. मी म्हटलं, आपली गरज दिसत नाही."

खरंच आम्ही विचारलं नव्हतं. ते नाही म्हणतील या भीतीनं आधी सगळं उरकून घेतलं होतं.

"लागला बघ," आप्पा म्हणाले. शेवटचा दिवा हिरवा झाला होता.

मी धावत खोलीत आले. यादी उघडली. कदम, मेडिकल, आणि त्यांच्या खाली, जणू कुठं गेलंच नव्हतं असं, लोहार. पासवर्ड टाकला. जोडलं गेलं. अकरा वाजून सत्तावीस मिनिटं. मेलमधल्या लिंकवर बोट ठेवलं तेव्हा मागं वळून बघितलं. आप्पा पिशवी आवरत होते, निघायच्या बेतात.

"बसा ना, आप्पा."

"मी कशाला?"

"बसा." आणि मग मला शब्द बदलावेसे वाटले. "बसाल का?"

ते माझ्या मागं पलंगाच्या कडेला बसले. काळा फोन हातातच राहिला होता.

पडदा उजळला. देशकर मॅडम दिसल्या, पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर. त्यांच्या शेजारी लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीत रेणू बसली होती. पिवळा फ्रॉक, तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, आणि पायात वजनदार काळे बूट. ते जमिनीला टेकत नव्हते. ती आमच्याकडे बघत नव्हती. खुर्चीच्या हाताला एक भेग होती, तिच्यात नख घालून बसली होती.

"नमस्कार कर, रेणू."

तिनं हात जोडले आणि परत भेगेत नख घातलं. मी म्हणाले, "रेणू, मी हेमा." तिनं ऐकलं की नाही कळलं नाही. मी विचारलं, जेवलीस का. मॅडमनीच उत्तर दिलं. मी विचारलं, गाणं येतं का. ती गप्पच. वर्गात चाळीस पोरांना एका नजरेत गप्प करणारी मी, पण त्या एकीशी काय बोलावं ते मला सुचेना.

"हां ताई," मॅडम म्हणाल्या, "तुम्ही सकाळी म्हणाल्या होत्या ना, ते दाखवते. रेणू, ऊठ बेटा. त्या दारापर्यंत चालून दाखव बरं."

रेणूनं भेगेतलं नख काढलं. कुठला प्रश्न नाही, कुरकुर नाही. खुर्चीच्या कडेला सरकून तिनं बुटाचा पाय खाली सोडला. तिला हे माहीत होतं. याआधीही कुणीतरी असंच पडद्यातून बघितलं होतं, ती दारापर्यंत चालली होती, आणि नंतर काही झालं नव्हतं. साडेचार वर्षांच्या पोरीच्या चेहऱ्यावर इतकं आज्ञाधारक काही मी बघितलेलं नाही.

"नको," माझ्या मागून आवाज आला.

मॅडम थांबल्या. "कोण बोलतंय?"

"मी. हिचा सासरा." आप्पा पुढं वाकले होते. त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागला. "चालून नका दाखवू. बसू द्या तिला. आम्ही काय बाजारात बैल घ्यायला आलोय?"

कानशिलं तापली माझी. कारण ते मीच सांगितलं होतं. सकाळच्या फोनवर, वेळ ठरवून झाल्यावर, आवाज खाली आणून मी मॅडमना म्हणाले होते, तिला जरा चालताना दाखवाल का, म्हणजे आम्हाला अंदाज येईल. अंदाज. हाच शब्द वापरला होता. मॅडमचं 'तुम्ही सकाळी म्हणाल्या होत्या' आप्पांनी ऐकलं असणारच, त्यांचे कान तसे पक्के. पण त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं नाही. त्या दिवशी नाही आणि पुढं कधीच त्यांनी तो विषय काढला नाही. भरतला हे अजून माहीत नाही.

"बस रेणू," मॅडम हळूच म्हणाल्या.

रेणू परत मागं सरकली. आणि पहिल्यांदाच तिनं मान वर करून पडद्याकडे बघितलं. माझ्याकडे नाही. आप्पांच्या हाताकडे.

"ते का व्हय?"

"हे?" आप्पांनी काळा फोन वर धरला. "फोन."

"असा नसते फोन."

"असतो. हा खांबावर चढून बोलायचा फोन आहे."

"खांबावर?" ती पुढं झुकली. "पडत नाही का मंग?"

"पट्टा असतो कमरेला. एकदा पडलो होतो, पण खाली गवताची गंजी होती."

ती विचार करत होती, ते दिसत होतं. "कोनासंग बोलता खांबावरून?"

"ज्याचा फोन बंद पडलाय त्याच्यासंगं. हे चिमटे तारेला लावायचे, ही तबकडी फिरवायची..." त्यांनी डायल फिरवली. कर्रर्र आवाज करत ती परत आली. "आणि म्हणायचं, हॅलो, येतंय का ऐकू?"

"अजून फिरवा."

त्यांनी अजून फिरवली. मग अजून एकदा. चौथ्यांदा ती हसली. वरचा एक दात अर्धा तुटलेला होता. मग तिनं आपली मूठ कानाला लावली आणि सरकारी कामाच्या गांभीर्यानं म्हणाली, "हॅलो. तुमचा फोन चालू हाये का?"

आप्पांनी काळा फोन कानाला लावला. "आत्ताच चालू झाला बघ," ते म्हणाले.

मला पुढचं नीट दिसेना. पदरानं डोळे पुसायला गेले तर रेणूनं मूठ कानाला तशीच ठेवून विचारलं, "ह्या बाई रडून राहिल्या का?"

"नाही गं," आप्पा म्हणाले. "कांदा चिरत होती मघाशी."

ते दोघं सोळा मिनिटं बोलले. खांबावर कावळे बसतात का, त्यांना शॉक लागतो का, पाटणला हत्ती आहे का, हेमा कांदा कशाला चिरते. मधे मी दोन-तीनदा बोलले, आणि शेवटी शेवटी तिनं मला 'ओ हेमा' अशी हाक मारली. मॅडमनी आठवण करून दिली तेव्हा बारा वाजायला आले होते, तिच्या जेवणाची वेळ झाली होती. खुर्चीवरून उतरून ती चालत गेली, आपणहून, डावा पाय किंचित आत घेत. दारात थांबून तिनं परत एकदा मूठ कानाला लावली. मी तेव्हा तिच्या पायाकडे बघत होते की नाही, मला सांगता येणार नाही.

भरत तीनऐवजी संध्याकाळी साडेसहाला आला, गाडी घाटात बंद पडली होती. खाकी शर्टाची बटणं काढत काढत त्यानं विचारलं, "काय झालं? मॅडमचा मेसेज बघितला मी चिपळूणला. झाला कॉल?"

मी त्याला सगळं सांगितलं. चालायचं सोडून सगळं. तो पाटावर बसून ऐकत होता. चहा निवून गेला.

"तुला काय वाटतं?" त्यानं विचारलं.

"मला काय वाटतं ते मला कळलंय. पण तू आधी आप्पांना विचार."

"सांगतो मी त्यांना."

"सांगू नको, भरत. विचार."

त्याला ते कळायला थोडा वेळ लागला. मग तो उठला आणि मागच्या दारानं परसात गेला. आप्पा मिरचीच्या वाफ्यातलं तण काढत होते. मी ओट्यापाशी उभी होते, खिडकी उघडी होती. बसचं भलंमोठं स्टिअरिंग फिरवणारा माझा नवरा बापासमोर शाळेतल्या पोरासारखा उभा राहिला. बोलायच्या आधी दोनदा घसा साफ केला.

"आप्पा, त्या मुलीला आपण घरी आणावं का?"

आप्पांनी हातातलं तण उपटून बाजूला टाकलं. मग उठले, कमरेवर हात ठेवून ताठ झाले.

"तिला मिरची खायची सवय नसेल," ते म्हणाले. "इकडचं तिखट झेपायचं नाही लगेच. आणि जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी आणा. शाळेत नाव घालायचंय."

पुढचं सगळं त्यांच्या म्हणण्याप्रमाणं झालं. रेणू जूनच्या नऊ तारखेला आली. डाव्या पायाचं ऑपरेशन पुढच्या दिवाळीत झालं. आता ती बारा वर्षांची आहे आणि आमच्या तिघांपेक्षा जास्त तिखट खाते. आप्पा ऐंशीचे झाले. दोघांचं भांडण रोजचं असतं, आणि ते दोघंच मिटवतात.

त्या संध्याकाळी मात्र आम्ही तिघं लॅपटॉपसमोर बसलो. होकाराच्या बटणावर भरतनं माझं बोट ठेवलं आणि त्यावर आपलं. आठला वीस मिनिटं कमी होती. पडद्यावर एक चाक फिरायला लागलं.

"गेलं का?" आप्पांनी विचारलं.

"गेलं, आप्पा."

"गेलं ते ठीक. पोचल्याचं आलं का पण?"

आम्ही तिघंही पुढं वाकून बघत राहिलो. चाक थांबलं. हिरव्या अक्षरांत एक ओळ उमटली.

"आलं," मी म्हणाले.